मोलेसरशास्त्री आणि ‘गिव्ह अप’

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी शिकताना आपली सर्वांत अधिक फजिती करतात ती दोन शब्दांची क्रियापदे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ आहे ‘सोडून देणे’. बरे, सोडणे तरी एका प्रकारचे आहे काय? विडीचे व्यसन सोडणे हे ‘गिव्ह अप’, किल्ला शत्रूच्या हवाली करणे हे ‘गिव्ह अप’, गणित सुटेना म्हणून हात टेकणे हे ‘गिव्ह अप’, आणि आपल्या हक्कावर पाणी सोडणे हेही ‘गिव्ह अप’च! ‘क्विट’, ‘सरेंडर’, ‘अबँडन’, ‘रिनाउन्स’ हे त्याचे समानार्थी शब्द. पण प्रत्येकाची छटा निराळी. ‘सरेंडर’मध्ये समोर कोणी जिंकणारा असतो, ‘अबँडन’मध्ये एखाद्याला वाऱ्यावर सोडलेले असते, तर ‘रिनाउन्स’मध्ये स्वतःच्या मनाने केलेला त्याग असतो.

मराठी आणि इंग्रजी यांच्यामधील अशा छटा तोलण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या थोर कोशकाराचे नाव जेम्स टॉमस मोल्सवर्थ. त्याच्या कार्याचा आरंभ आपल्या सोलापुरात झाला, ही आपणा सोलापूरकरांना अभिमानाची गोष्ट आहे.

मोल्सवर्थचा जन्म १५ जून १७९५ रोजी झाला. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल होण्यासाठी हिंदुस्थानात आला. ज्या वयात आपण अकरावीच्या वर्गात बसतो, त्या वयात हा मुलगा समुद्र ओलांडून परमुलखात आला होता. शिपायांशी बोलायचे तर त्यांची भाषा यायला हवी, म्हणून त्याने मराठी आणि हिंदुस्थानी यांचा अभ्यास केला. पुष्कळ अधिकारी कामापुरते शिकून थांबत. मोल्सवर्थ थांबला नाही.

सन १८१८ हे पेशवाईच्या अखेरचे वर्ष. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ल्यातील शिबंदीच्या वाट्याला ‘गिव्ह अप’चा सर्वांत कडू अर्थ आला. त्याच वर्षी सोलापुरात असताना या तरुण अधिकाऱ्याने मराठी शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. जिंकणाऱ्यांच्या फौजेतला एक माणूस जिंकलेल्यांच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसला, हे इतिहासातले नवलच म्हटले पाहिजे.

पुढे मुंबई सरकारने हे काम अधिकृतपणे त्याच्याकडे सोपवले. त्याच्या मदतीला जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे बंधू आले. तसेच एतद्देशीय शास्त्रीपंडितांचे एक मंडळही होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून छापला जाऊ लागला. मोल्सवर्थचे कौतुक करताना या पंडितांचा विसर पडता कामा नये. शब्द त्यांच्या जिभेवरचे होते, मोल्सवर्थने त्यांना इंग्रजीत वाट करून दिली.

सन १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. ग्रंथातल्या शब्दांबरोबर शेतातले, बाजारातले, बायकांच्या बोलण्यातले, इतकेच काय पण शिवराळ शब्दही त्याने टाकले नाहीत. एखादा शब्द कोकणातला असेल तर तशी खूण केली. ‘हात’ या एका शब्दाखाली तर वाक्प्रचारांची केवढी मोठी रांग लागलेली दिसते! शब्द सुटा असताना एक बोलतो आणि दुसऱ्याच्या सोबतीने दुसरेच बोलतो, हे त्याने चांगले ओळखले होते. इंग्रजीत जे ‘अप’ आणि ‘ऑफ’ करतात, ते मराठीत ‘टेकणे’ आणि ‘सोडणे’ करतात.

त्यानंतर त्याने इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला, पण प्रकृतीने साथ दिली नाही. ते काम अपुरे ठेवून त्याला मायदेशी जावे लागले. टॉमस कँडी यांनी ते नेटाने पुरे केले आणि १८४७ मध्ये तो कोश बाहेर पडला. मराठीत विरामचिन्हे रूढ करणारे मेजर कँडी ते हेच. अपुरे काम योग्य हाती देणे, हाही सोडण्याचा एक अर्थ आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

मोल्सवर्थ अत्यंत धर्मनिष्ठ होता. शस्त्र धरण्याचा धंदा ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी जुळत नाही, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्याने लष्करी नोकरी सोडली. निवृत्तिवेतनावरही पाणी सोडले. महिन्याच्या पगारावर ज्यांची चूल पेटते अशा आमच्या भवानी पेठेतल्या घरांत या त्यागाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. कोणी मागितले नसताना, कोणी हरवले नसताना त्याने हे सोडले. ‘गिव्ह अप’चा सर्वांत उंच अर्थ तो हाच.

परंतु एक गोष्ट त्याने सोडली नाही. सरकारने बोलावताच १८५१ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला. पन्नाशीपलीकडचे वय, नाजूक प्रकृती, तरीही त्याने शब्दन् शब्द पुन्हा तपासला. १८५७ मध्ये, उत्तरेत तोफा धडाडत असताना, मुंबईत कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. शब्दसंख्या सुमारे साठ हजारांवर गेली. मराठी माणसाने त्याचे अवघड नाव आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले आणि वर विद्वत्तेची पदवीही जोडली : मोलेसरशास्त्री! १३ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले.

सन १९७५ मध्ये पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण झाले. आज तर शिकागो विद्यापीठाच्या प्रयत्नांमुळे तो संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, त्यालाही आता साठ हजार शब्दांचे हे भांडार खुले आहे.

काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, हे कळणे म्हणजेच शहाणपण. मोल्सवर्थने तलवार सोडली, पैसा सोडला. शब्द मात्र धरून ठेवले. सोलापूरच्या मातीत पहिला शब्द टिपणाऱ्या या मोलेसरशास्त्र्याला आमचे विनम्र अभिवादन!