अशरफीचा माग काढणारे डॉक्टर : जेर्सन दा कुन्हा

इटियाडोहच्या परिसरात, गोठणगाव असो की प्रतापगड, आपल्या घरांत हजहून आणलेले रियाल, आखातातून आलेले दिरहम नाहीतर दादीच्या पेटीतला एखादा कलदार रुपया जपून ठेवलेला असतो. मुलं विचारतात, यावर काय लिहिलंय? उत्तर सहसा कुणाकडे नसतं. नाण्यांवरची अशी अक्षरं वाचण्यात ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घातली, त्या डॉ. जेर्सन दा कुन्हा यांची ओळख आज आम्ही करून देतो.

1844 साली गोव्यातल्या हडफडे गावी, ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचं शिक्षण मुंबईत आणि पुढे ब्रिटनमध्ये झालं. परत येऊन मुंबईतच त्यांनी डॉक्टरकी केली. पेशा डॉक्टरचा, ओढ मात्र इतिहासाची. 1876 साली त्यांनी चौल आणि वसईवर ग्रंथ लिहिला. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहकडून 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेली वसई आणि निजामशाहीने वेढा घातलेलं चौल, म्हणजे आपल्या कोकणी मुस्लिम समाजाच्या वस्तीचाच हा मुलूख.

मग त्यांना नाण्यांचा नाद लागला. हजारो नाणी जमवली, त्यांची यादी छापली. 1880 पासून हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज नाण्यांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध होऊ लागला. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने लगेच तिथे नाणी पाडली होती. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला खगोल. आज सरकारं एखाद्या घटनेची आठवण म्हणून नाणी काढतात, तसाच हा विजयाचा डंका होता.

पण गंमत बघा. याच पोर्तुगीजांच्या एका नाण्याचं नाव होतं शेराफिम, आणि हा शब्द आला अशरफीवरून! अशरफी हे नाव पंधराव्या शतकातल्या मिसरच्या सुलतान अल-अशरफ बर्सबाय यांच्या सोन्याच्या नाण्याचं. तसंच लारी. चांदीची तार दुमडून केलेलं हे नाणं इराणच्या लार शहरावरून ओळखलं जाई. विजापूरच्या आदिलशाहीनेही ते पाडलं. राज्यं एकमेकांशी लढत होती, तरी बाजारात एकमेकांची नाणी चालत होती. ओमानच्या बैसामध्ये आपला पैसा आजही ऐकू येतो.

1900 साली मुंबईच्या मूळ इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह एकत्र राहिला नाही. राहिलं ते लिहून ठेवलेलं इल्म.

म्हणून आमची समाजबांधवांना विनंती आहे. घरातलं जुनं नाणं सोनाराकडे वितळवायला देऊ नका, चिंच लावून घासू नका. घासल्याने अक्षरं झिजतात आणि नाण्याची साक्षच जाते. कागदाच्या पुडीत ठेवा. ते कुणी आणलं, कुठून, कधी, हे घरातल्या बुजुर्गांना विचारून पुडीवर लिहा. शेतात नांगराला जुन्या नाण्यांचं मडकं लागलं तर लपवू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दा कुन्हा एका गोव्याच्या ख्रिस्ती घरातले, पण आपल्या सुलतानांच्या खुणाही त्यांनी जपल्या. घरातल्या पेटीतल्या खुणा तर आपण नक्कीच जपू शकतो.