राजाचे फुप्फुस, राजाचे हृदय

जुन्या नाण्यांच्या डब्यात मुकुट घातलेल्या ज्या राजाचा चेहरा आजही सापडतो, त्या सहाव्या जॉर्ज यांचा जन्म १४ डिसेंबर १८९५ चा. थोरल्या भावाने १९३६ मध्ये सिंहासन सोडले आणि बोलताना अडखळणाऱ्या, लाजाळू धाकट्या भावाच्या वाट्याला राज्य आले, पाठोपाठ महायुद्धही. सिगारेटचे व्यसन त्याआधीपासूनचे.

१९४८ मध्ये त्यांचे पाय दुखू लागले, बधिर पडू लागले. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. उजवा पाय कापावा लागतो की काय, इथवर वेळ आली. मार्च १९४९ मध्ये सर्जन जेम्स लिअरमंथ यांनी कमरेजवळच्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करून पायाचा रक्तपुरवठा सुधारला. पाय वाचला. पण रक्तवाहिन्यांचा हा आजार सहसा एका अवयवापुरता राहत नाही. पायात तो दिसला, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीही शंका घ्यावीच लागते.

१९५१ मध्ये खोकला हटेना. एक्स-रेत डाव्या फुप्फुसावर सावली दिसली, ती आधी जंतुसंसर्गाची मानली गेली. सप्टेंबरमध्ये श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा कर्करोग निघाला. आता सर्जन क्लेमेंट प्राइस थॉमस यांच्यापुढे पेच होता. गाठ राहू दिली तर मृत्यू ठरलेला. काढायला जावे तर ऑपरेशनमध्ये किंवा नंतर हृदयात गुठळी होण्याची धास्ती. एक फुप्फुस काढले, की शरीरातले सगळे रक्त उरलेल्या एकातून ढकलावे लागते. हृदयाच्या उजव्या बाजूवर हा ताण पडतो. भूल आणि रक्तस्राव यांनी रक्तदाब खाली-वर होतो, तो वेगळाच. निरोगी हृदय हे निभावून नेते. ज्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा तोकडा आहे, ते कोलमडू शकते.

तरीही शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, आणि तो योग्यच म्हणायला हवा. २३ सप्टेंबर १९५१ रोजी बकिंगहॅम राजवाड्यातल्याच एका दालनाचे ऑपरेशन थिएटर करून डावे फुप्फुस काढण्यात आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी तेव्हा नव्हती, बायपास नव्हती, स्टेंट नव्हता. आज अशा रुग्णाची इकोकार्डिओग्राफी होते, श्वासाची क्षमता मोजली जाते, गरज पडल्यास अँजिओग्राफीही होते. गाठ लहान असेल तर पूर्ण फुप्फुसाऐवजी एखादाच भाग काढतात. हृदय फारच कमजोर असेल तर नेमक्या जागी रेडिएशन देतात. पेच मात्र पुरता सुटलेला नाही. आधी स्टेंट बसवला, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही काळ बंद करता येत नाहीत, आणि कर्करोग तेवढा थांबेलच असे नाही.

राजे त्या ऑपरेशनमधून उठले. आवाज घोगरा झाला होता; नाताळचे भाषण तुकड्या-तुकड्यांनी आधीच ध्वनिमुद्रित करावे लागले. ३१ जानेवारी १९५२ रोजी थंडीत उघड्या डोक्याने त्यांनी विमानतळावर कन्या एलिझाबेथ यांना निरोप दिला. ५ फेब्रुवारीला सँड्रिंगहॅमला शिकार केली आणि रात्री झोपले, ते उठलेच नाहीत. वय ५६. कारण सांगितले गेले ते हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या गुठळीचे. त्यांना कर्करोग होता, हे प्रजेला त्यांच्या हयातीत सांगितलेच गेले नव्हते.