पक्ष्यांच्या पायातली कडी आणि विषाणूंचे भय

पावसाळा ओसरला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील पिंपळगाव जोगे, माणिकडोह, डिंभे या धरणांच्या फुगवट्यावर उत्तरेकडून पाहुणे पक्षी उतरू लागतात. पुण्या-मुंबईचे पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन तिकडे धाव घेतात. यांतली काही बदके हिमालय ओलांडून थेट मध्य आशियातून, सैबेरियातून येतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ही माहिती आपोआप हाती आलेली नाही. कुणीतरी रात्र-रात्र जागून जाळ्यात पक्षी धरले, त्यांच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घातले आणि ते कडे कुठल्या देशातून परत येते याची वर्षानुवर्षे वाट पाहिली. भारतात या कामाला व्याप्ती आणि शिस्त देणाऱ्या डॉ. सलीम अली यांना आयुष्याच्या उत्तरार्धात एका विलक्षण संशयाला तोंड द्यावे लागले. पक्ष्यांच्या अंगावरून प्राणघातक विषाणू शत्रूच्या मुलखात पाठविण्याच्या अमेरिकी लष्कराच्या बेताला त्यांच्या संशोधनाचा हातभार लागत आहे, असा तो संशय होता.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईचा. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी भावंडांसह ते वाढले. खेळण्यातल्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि सचिव मिलार्ड यांनी त्याच्यापुढे भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाटच उघडले, ही हकिकत सर्वपरिचित आहे. मात्र पुढची वाट सोपी नव्हती. ब्रह्मदेशातला खाणीचा कौटुंबिक व्यवसाय बुडाला. पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्याचे दार बंद राहिले. बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते शिकून आले, तरी नोकरी मिळाली नाही. तेव्हा अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. १९३९ मध्ये पत्नी तहमिना यांचे निधन झाले. त्यानंतर पक्षी हाच त्यांचा संसार उरला. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे लोकप्रिय पुस्तक प्रसिद्ध झाले.

ज्या प्रकरणाची ही हकिकत आहे, त्याचा उगम १९५७ मधला. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि मागोमाग आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणू लागली. काहींना रक्तस्राव होई, काही दगावत. नमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेली हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे हाती लागलेला विषाणू शास्त्रज्ञांना चक्रावून टाकणारा होता. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे जवळचे नाते होते रशिया-सैबेरियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूशी. हजारो मैलांवरच्या बर्फाळ प्रदेशातला विषाणूचा भाऊबंद सह्याद्रीच्या कुशीत आला कसा? दरवर्षी हे अंतर कापणारे प्राणी एकच, ते म्हणजे स्थलांतरित पक्षी. त्यांच्या पिसांत दडून गोचिडे आली असतील काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

सलीम अली यांना ही संधी वाटली. पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास करायचे त्यांच्या मनात फार पूर्वीपासून होते, पण नुसत्या पक्ष्यांसाठी पैसे कोण देणार? रोगाचा प्रश्न आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने काही काळ साहाय्य केले. कच्छ, भरतपूर, तमिळनाडूतले पॉइंट कॅलिमेर अशा ठिकाणी तळ पडले. हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. त्यांच्या अंगावरची गोचिडे, रक्ताचे नमुने तपासणीसाठी गोळा झाले. सोव्हिएत संघराज्यात कुणा शिकाऱ्याने टिपलेल्या बदकाच्या पायातले कडे मुंबईला परत येई आणि नकाशावर एक रेघ पक्की होई. पण आरोग्य संघटनेचा निधी आटला. तेव्हा पुढे आली ती बँकॉकहून एलियट मॅक्ल्यूर चालवत असलेली पूर्व आशियातील पक्षी-रोग पाहणी, आणि तिचा पैसा अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा होता.

हा पैसा घेणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तितकेसे सोपे नाही. आग्नेय आशियातल्या जंगलात सैनिक कुठल्या रोगांनी आजारी पडतील हे लष्कराला जाणून घ्यायचे होते, त्यात गैर काही नव्हते. तथापि पाहुण्याचा खिसा कुठल्या खात्यातून भरतो, हे अलिप्ततावादी देशातल्या संस्थेने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे होते. त्यात सलीम अली यांचे जवळचे सहकारी आणि दहा खंडांच्या पक्षिकोशाचे सहलेखक डिलन रिप्ले हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तचर संघटनेत काम केलेले गृहस्थ. संशयाला लागणारे सरपण आयतेच रचून ठेवलेले होते.

ठिणगी पडली १९७४ मध्ये. एका वृत्तसंस्थेच्या विज्ञान-वार्ताहराने परकीय पैशावर चाललेल्या प्रकल्पांवर प्रकाश टाकला. त्यात दिल्लीचा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प होता आणि पक्षी स्थलांतराचा अभ्यासही. बांगलादेश युद्धात अमेरिकेने बंगालच्या उपसागरात आरमार धाडल्याला उणीपुरी तीन वर्षे झाली होती. संसदेत गदारोळ झाला. लोकसभेच्या लोकलेखा समितीने चौकशी करून १९७५ मध्ये अहवाल दिला आणि अशा प्रकल्पांना डोळे मिटून परवानगी देणाऱ्या सरकारी व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. डासांचा प्रकल्प त्याच वर्षी गुंडाळला गेला.

अफवेचे सामर्थ्य असे, की तिचे बहुतेक सुटे भाग खरे असतात. पैसा अमेरिकी लष्कराचा होता, हे खरे. पक्षी सोव्हिएत प्रदेशात जात होते, हेही खरे. गोचिडे आणि रक्त गोळा होत होते, हे तर कोणी नाकारलेच नव्हते. शिवाय अमेरिकेजवळ जैविक अस्त्रे खरोखरच होती. फोर्ट डेट्रिक येथे दुसऱ्या महायुद्धापासून हे काम चालू होते, डासांमार्फत पसरणाऱ्या एका मेंदूज्वराचा विषाणूही त्या भात्यात होता. अध्यक्ष निक्सन यांनी हा उद्योग १९६९ मध्ये बंद केला. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला आणि तरीही सोव्हिएत संघराज्याने आपला कार्यक्रम चोरून चालू ठेवला, हे पुढे उघड झालेच. तेव्हा १९७४ साली भिणारा माणूस वेडा नव्हता.

चुकले ते शेवटच्या उडीत. क्यासनूरचा विषाणू माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याला जंगलातली विशिष्ट गोचिडे लागतात, त्यांना पोसणारे छोटे प्राणी लागतात, दमट पानगळ लागते. ज्याने त्या गोचिडांसह पक्षी उडवला त्याला तो कुठे उतरेल हे सांगता येणार नाही, आणि सहा महिन्यांनी तोच थवा उलट दिशेने परत येईल. कडे घातलेल्या पक्ष्यांपैकी फारच थोड्यांचा पुन्हा पत्ता लागतो. अशा बेभरवशाच्या वाहकाच्या हाती कुठला सेनापती अस्त्र देईल? अस्त्रे बनविणाऱ्यांचा मुख्य भर हवेत फवारता येणाऱ्या जंतूंवर होता, तो याचमुळे. सलीम अली यांच्या अभ्यासातून कुणी शस्त्र घडविल्याचा पुरावा पुढे आला नाही. मॅक्ल्यूर यांनीही आशियातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराची आपली सगळी नोंद १९७४ मध्येच ग्रंथरूपाने छापून टाकली. ज्या गुपिताचा एवढा बोभाटा झाला, ते ग्रंथालयाच्या फडताळात उघडे पडून होते.

आपण पक्ष्यांचाच अभ्यास केला, या भूमिकेवरून सलीम अली ढळले नाहीत. वयाची पंच्याहत्तरी उलटलेल्या, स्वभावाने तिखट आणि कामाला वाघ असलेल्या या माणसाला देशाशी बेइमानीचा नुसता वासही किती झोंबला असेल, याची कल्पना करता येते. सरकारची मर्जी मात्र फिरली नाही. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, १९८५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नियुक्त केले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

विषाणू आला कुठून, या मूळ प्रश्नाचा निकाल मात्र त्यांच्या हयातीत लागला नाही. पक्ष्यांनीच तो सैबेरियातून आणला, असे सांगणारा निर्णायक पुरावा त्या हजारो नमुन्यांतून निघाला नाही. पुढे १९९० च्या दशकात सौदी अरेबियात त्याचा सख्खा म्हणावा असा भाऊ सापडला आणि जनुकांच्या तुलनेवरून या दोघांची फारकत काही शतकांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. म्हणजे शीतयुद्धाचे राजकारण जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हा विषाणू प्रवास करून चुकला होता.

२०१६ मध्ये माकडताप या नावाने तो सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. नमुने पुन्हा पुण्यालाच गेले. या वेळी कुणी परकीय हात शोधला नाही. काजूच्या बागांत राबणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, गोचिडांना दूर ठेवणारे तेल लावावे, मेलेले माकड दिसताच आरोग्य केंद्राला कळवावे, एवढेच गावोगाव सांगितले गेले.