महादजी शिंदे व त्यांचा भाई राणेखान

वसईच्या किल्ल्याच्या तटाखालून जातांना आमच्या वाचकांस चिमाजी अप्पांचें नांव सहज आठवतें. १७३९ सालीं तो किल्ला पोर्तुगेजांपासून घेण्याच्या कामीं अप्पांबरोबर जे सरदार होते, त्यांत राणोजी शिंदे हे एक. महादजी शिंदे हे या राणोजींचे पुत्र. त्यांच्या लढाया व राजकारण यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्रांतील एक निराळा भाग वाचकांपुढें ठेवितों. भारी जखमी झालेल्या महादजींस कोणीं उचललें, कोणीं जपलें, व पुढें ते कसे उभे राहिले, हा तो भाग होय.

शिंद्यांच्या घरावर थोडक्या वर्षांत एकामागून एक आघात झाले. बंधु जयाप्पा १७५५ सालीं नागोरास दग्यानें मारले गेले. दुसरे बंधु दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजीं यमुनेच्या कांठीं बुराडी घाटावर पडले. पुढें १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. त्यांत बंधु तुकोजी कामास आले, आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. ज्यांनीं महादजींच्या उशाशीं बसावयाचें, त्यांतील बहुतेक असे गेले होते.

त्या दिवशीं महादजी रणांतून निघाले असतां एक अफगाण स्वार त्यांच्या पाठीस लागला. हकीकत अशी सांगतात कीं, त्यानें महादजींस गांठून पायावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरील दागिने व घोडी घेतली, आणि ते मरणारच असें समजून त्यांस तेथेंच टाकून तो चालता झाला. त्याच वाटेनें राणेखान नांवाचा एक भिस्ती आला. फौजेस पाणी पुरविणें हा त्याचा धंदा. त्यानें जखमी महादजींस पाहिलें, आपल्या पखालीच्या बैलावर घातलें, आणि दक्षिणेंत आणून पोंचविलें.

ही गोष्ट एका वाक्यांत सांगून होते, परंतु ती वाट शेंकडों कोसांची होती. दिवस थंडीचे, मुलूख परका, आणि बैलाची चाल मंद. अशा प्रवासांत घाव धुणें, पाणी पाजणें, दुखऱ्या पायास धक्का न लागूं देणें, हीं कामें रोजचीं असतात. त्यांत कीर्ति नसते, व आज केलेलें उद्यां पुन्हां करावें लागतें.

महादजी वांचले, पण पाय पूर्ववत् झाला नाहीं. ते जन्मभर लंगडत चालले. तेव्हां त्यांचें वय सुमारें तीस वर्षांचें होतें. शिंद्यांची सरदारी त्यांजकडे येण्यास १७६८ साल उजाडलें. त्यानंतर मात्र १७७१ सालीं मराठ्यांनीं दिल्ली घेतली व पुढच्या वर्षीं बादशहा शहाआलम यास गादीवर बसविलें, त्या कामांत ते अग्रभागीं होते. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच हातून झाला. पायाचें अधूपण गेलें नाहीं, आणि त्यांचें कामही थांबलें नाहीं.

वैभव आल्यावर महादजींनीं राणेखानास दूर केलें नाहीं. त्यांनीं त्याला आपला भाई मानिलें व फौजेचा सरदार केलें. १७८८ सालीं गुलाम कादरानें शहाआलमाचे डोळे काढिले, तेव्हां दिल्ली सोडविण्यास गेलेल्या फौजेचा मुख्य हाच राणेखान होता. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडी येथें वारले. तेथें त्यांची छत्री आहे.

आमच्या वसई-विरारच्या टापूंत ताडामाडावरून पडलेले, लोकलगाडीच्या अपघातांत सांपडलेले असे लोक पुष्कळ घरीं आहेत. पहिल्या आठवड्यांत सारी आळी भेटीस येते. महिना लोटला म्हणजे येणारे कमी होतात, व वर्षानें खाटेपाशीं एकच माणूस उरतें. बहुधा आई, बायको किंवा बहीण. पाय बरा कसा आहे, असें जखमी माणसास सर्व विचारतात. त्या बाईची झोंप झाली काय, हें कोणी विचारीत नाहीं. वाचकहो, तिच्या घरीं जाऊन दोन घटका खाटेपाशीं आपण बसावें, आणि तिला विसावा द्यावा. तसेंच जो अधू राहिला त्यास कोपऱ्यांत बसवून ठेवूं नये; घरच्या कारभारांत त्याचा सल्ला घ्यावा, व त्याला झेंपेल असें काम त्याच्या हातीं द्यावें. अशानें त्याचें घरांतील स्थान त्याला परत मिळतें.