शीतयंत्रांचे आचार्य : कार्ल लिंडे

इ. स. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून निघालेले एक जहाज चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास लागले. त्यात माल होता तो गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेल्या बर्फाचा! वाटेत पुष्कळसा वितळूनही सुमारे शंभर टन शिल्लक उरला होता. पुढे मुंबईसही असा बर्फ येऊ लागला. निसर्गाने गोठवावे आणि मनुष्याने भुशात जपून ठेवावे, एवढाच थंडीचा राजमार्ग त्या काळी लोकांस ठाऊक होता. आज दुग्धालयांत, औषधांच्या कारखान्यांत, प्लास्टिकच्या साच्यांभोवती जे थंडगार पाणी अहोरात्र फिरत असते, ते थंड करणारे यंत्र ज्यांनी गणिताच्या पायावर उभे केले, त्या कार्ल लिंडे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

लिंडे यांच्यापूर्वी शीतयंत्रे नव्हतीच असे मात्र कोणी समजू नये. जेकब पर्किन्स यांनी १८३४ साली इंग्लंडात अशा यंत्राचे पेटंट घेतले होते; ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन व फ्रान्समध्ये फर्डिनांड कारे यांनी यंत्रे चालवूनही दाखविली होती. परंतु अमुक यंत्र तमुक यंत्राहून चांगले का, हे नेमके सांगण्याचे साधन गिऱ्हाइकापाशी नव्हते.

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजी बव्हेरियातील बेर्नडोर्फ या खेड्यात झाला. वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. घरात नऊ मुले. मुलानेही धर्मपीठावरच उभे राहावे अशी अपेक्षा होती, पण त्याचे मन यंत्रांकडे ओढले गेले. १८६१ साली ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. तेथे क्लाउसिउस, त्सॉयनर व रूलो यांच्यासारखे गुरू लाभले. उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून ऊन वस्तूकडे जात नाही, हा सिद्धान्त मांडणारे क्लाउसिउस ते हेच. यानंतरची गोष्ट शाळेच्या वार्षिकात लिहावी की न लिहावी, याविषयी आम्ही क्षणभर थबकलो होतो. १८६४ साली विद्यार्थ्यांच्या एका निषेधात भाग घेतल्यामुळे लिंडे यांना पदवी न घेताच संस्था सोडावी लागली!

रूलो यांनी मात्र शिष्यास वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्या खटपटीने लिंडे यांना एका सूतगिरणीत उमेदवारी मिळाली. तेथून ते बर्लिनच्या बोर्झिग कारखान्यात व पुढे म्यूनिकच्या क्राउस रेल्वे-एंजिन कारखान्यात गेले. १८६८ साली म्यूनिकमध्ये नवे तांत्रिक विद्यालय निघाले, तेव्हा हा पदवीहीन तरुण सव्विसाव्या वर्षी तेथे अध्यापक झाला आणि १८७२ साली प्राध्यापकपदास पोहोचला. डीझेल एंजिनाचे जनक रूडॉल्फ डीझेल हे त्यांचेच विद्यार्थी.

१८७० च्या सुमारास एक स्पर्धा त्यांच्या वाचनात आली. पॅराफिन मेणाचे स्फटिक बनविण्यासाठी शून्याखाली थंडावा देणारे यंत्र हवे होते. लिंडे यांनी लगेच हातोडा उचलला नाही, कागद उचलला. त्यांनी प्रचलित यंत्रांचा हिशेब मांडला : किती श्रम घातले असता किती उष्णता बाहेर काढता येते, आणि निसर्गनियमानुसार जास्तीत जास्त किती काढता आली असती? तेव्हा असे दिसले की, सहज उकळणाऱ्या द्रवाची वाफ दाबून पुन्हा द्रव करण्याची रीतच त्या मर्यादेच्या सर्वांत जवळ जाते.

ही रीत समजण्यास अवघड नाही. नळ्यांतला द्रव अमोनिया उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या पाण्यातून ओढून घेतो. त्याची वाफ दाबयंत्राने दाबली जाते. गार पाण्याच्या धारेखाली तिची उष्णता निघून जाऊन ती पुन्हा द्रव होते व झडपेतून पूर्वस्थानी परतते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० उष्मांक शोषतो. एक किलो अमोनिया उकळताना तीनशेहून अधिक!

हिशेबातली मुख्य गोम पुढेच आहे. यंत्राबाहेर तीस अंश उष्मा असताना शून्य अंशाचा थंडावा हवा असेल, तर एक भाग श्रमाने आदर्श यंत्र नऊ भाग उष्णता उपसून काढील. पण उणे वीस अंशांचा थंडावा मागितला, तर पाचच भाग. प्रत्यक्ष यंत्र त्याहूनही कमी देते. म्हणून जेथे पाच अंशांनी काम भागते तेथे उणे वीसचे यंत्र मागणे म्हणजे कोळसा व पैसा व्यर्थ जाळणे होय. दुसरा प्रश्न उष्णतेच्या मापाचा. हजार लिटर दूध पस्तीस अंशांवरून चार अंशांवर एका तासात आणावयाचे, तर सुमारे तीस हजार उष्मांक काढावे लागतात. यंत्राची शक्ती ‘टना’त मोजतात, एक टन म्हणजे ताशी ३,०२४ उष्मांक, म्हणजे येथे दहा टनांचे यंत्र हवे. तेच दूध दोन तासांत थंड केले तरी चालत असेल, तर पाच टनांचे पुरे. हा टन मूळचा वितळणाऱ्या बर्फाचा. बर्फ गेला, माप मात्र राहिले!

लिंडे यांचे लेख वाचून प्रथम धावून आले ते बियरचे कारखानदार. आम्हांस त्या पेयाचे कौतुक नाही. परंतु किण्वाला थंडी लागते आणि उन्हाळ्यात तिच्यावाचून सारा माल नासतो, ही त्यांची अडचण खरी होती. म्यूनिकचे गाब्रिएल झेडलमायर यांनी आपल्या कारखान्यात प्रयोगास जागा दिली. ऑग्सबर्गला बनविलेले पहिले यंत्र मिथिल ईथरवर चालत असे, आणि त्याच्या सांध्यांतून वायू निसटे. ज्यांच्या गणितात चूक नव्हती, त्यांना एका साध्या गळतीने जेरीस आणले. लिंडे यांनी ईथर सोडून अमोनिया घेतला, यंत्राची घडणही बदलली. १८७६ चे हे यंत्र उतरले, आणि १८७७ साली ट्रिएस्टच्या ड्रेहर यांच्या कारखान्यात अमोनियाचे यंत्र बसले. पुढे मिठाचे पाणी थंड करून ते तळघराच्या छताखालील नळ्यांतून फिरविण्याची युक्ती निघाली. बर्फ करावा आणि मग तो वितळवावा, हा द्राविडी प्राणायाम त्यामुळे सुटला.

१८७९ साली लिंडे यांनी मानाची प्राध्यापकी सोडून वीसबाडेन येथे कंपनी काढली. वय सदतीस, पदरी मुलेबाळे. आणि गिऱ्हाईक? नैसर्गिक बर्फ स्वस्त मिळत असता महागडे यंत्र कोण घेतो? काही वर्षे विक्री मंदच होती. मग १८८४ साली हिवाळा उबदार गेला, तळी नीट गोठली नाहीत, आणि मागण्यांचा पूर लोटला. दशकाअखेर सातशेवर यंत्रे विकली गेली होती. म्यूनिकचे प्राध्यापक श्र्योटर यांनी निरनिराळ्या पद्धतींच्या यंत्रांचे मोजमाप करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, तर आकड्यांवर यंत्र निवडणे शक्य झाले. आम्हांस तर हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१८९० साली कारभार इतरांवर सोपवून लिंडे संशोधनाकडे वळले. १८९५ साली त्यांनी हवेचे मोठ्या प्रमाणावर द्रवीकरण करून दाखविले व पुढे तिच्यातून प्राणवायू वेगळा काढला; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १८९७ साली त्यांना सरदारकी मिळाली, म्हणून पुढे ते कार्ल फॉन लिंडे झाले. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, म्यूनिक येथे त्यांचे देहावसान झाले. ट्रिएस्टचे ते अमोनियाचे यंत्र तीस वर्षांवर चालू राहिले होते.