लक्ष्मणराव किर्लोस्कर : माणसे घडविणारा कारखानदार

नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, ज्या जागेवर आपला हक्क आहे असे त्याला वाटत असते, त्या जागेवर दुसऱ्याच कुणाची नेमणूक होते. काम आपण केलेले असते, अनुभव आपला असतो. पण वरची खुर्ची दुसऱ्याला मिळते. कधी वशिला आड येतो, कधी कातडीचा रंग, तर कधी पारपत्रावरचा देश. परमुलुखात पोटासाठी आलेल्या आपल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण चार दिवस धुसफुसतात आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागतात. काही जण रागाच्या भरात राजीनामा देतात व पुढे पस्तावतात. या दोन्हीपेक्षा वेगळी वाट एका मराठी माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरली. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या भरपूर, यंत्रांची परंपरा मात्र नाही. या मुलाला शाळेच्या पुस्तकांत रस नव्हता. चित्रे काढावीत, वस्तू खोलून पाहाव्यात, पुन्हा जोडाव्यात, यातच त्याचा जीव रमे. थोरले बंधू रामुअण्णा यांनी पाठराखण केली आणि लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांनी लक्षात आले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असणार? पण रंग गेले तरी रेषा हातात होती. त्यांनी रंगपेटी मिटली आणि यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास धरला. आपल्याला काय येत नाही याचा शोक करण्यापेक्षा काय येते ते ओळखावे, हा त्यांच्या आयुष्यातला पहिला धडा त्यांना असा विशीच्या आतच मिळाला.

या रेखाटनाच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये. शिकवण्याचे तास संपले की बाकीचे शिक्षक घरी जात. लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत शिरत. कोणते यंत्र कसे चालते, कुठे अडते, कसे दुरुस्त होते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी शिकून घेतले. या शिक्षणाची पदवी नव्हती आणि त्याचा जादा पगारही मिळत नव्हता. त्याच सुमारास मुंबईत नव्याने आलेल्या सायकली पाहून त्यांच्या मनात व्यापार आला. ते मुंबईहून सायकली पाठवीत, रामुअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवीत. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून धरतात, तो याच दुकानापासून.

अशी काही वर्षे गेली. संस्थेत वरची जागा रिकामी झाली. ती लक्ष्मणरावांना मिळावी अशी स्थिती होती. पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

या राजीनाम्याकडे नीट पाहायला हवे. तो मानी माणसाचा होता हे खरे. पण तो रिकाम्या हातांचा नव्हता. नोकरीत असतानाच त्यांनी यंत्रविद्या कमावली होती, बेळगावात दुकान उभे होते आणि पाठीशी भाऊ होता. अपमान झाल्यावर जी तयारी करावी लागते, ती त्यांनी अपमानाच्या आधीच केली होती. आज नोकरीत असलेल्या तरुणाने लक्ष्मणरावांकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी. दारे बंद होण्याची वाट न पाहता आपल्या हातातले कसब रोज थोडे वाढवीत राहावे.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना घातला. कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाई, लोखंडी नांगर खोल जाऊन हरळी-कुंद्याची मुळे उपटून काढी. वस्तू चांगली होती, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगराला हात लावताना शेतकरी वर्षाचे पीक पणाला लावतो, म्हणून त्याची शंका गैर नव्हती. ती फेडायची तर नांगर शेतात चालवून दाखवणे आणि त्यातले दोष काढत जाणे एवढाच मार्ग होता. लक्ष्मणरावांनी तोच धरला.

धंदा कुठे रुळावर येतो तोच नवी आपत्ती आली. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढविण्यासाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती. कारखाना उचलायचा, पण न्यायचा कुठे? औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि नागांचे माहेरघर. पाण्याची चणचण, घर नाही, दुकान नाही. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन त्या माळावर आले. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

आता जरा थांबून विचार करा. बेळगावसारखे शहर सोडून बायकामुलांसह उजाड माळावर कोण जाईल? पगाराच्या आशेने फार कोणी गेला नसता, कारण पगार देण्याजोगा नफा अजून दिसत नव्हता. ही माणसे गेली, कारण लक्ष्मणराव स्वतः आपल्या कुटुंबासह त्याच माळावर राहणार होते. निवडुंग तोडायचा तर सर्वांनी मिळून, आणि पाण्याची तंगी सोसायची तीही सर्वांनीच. पुढाऱ्याने आधी चालावे आणि मग हाक मारावी, हे आपल्याकडे व्याख्यानांतून पुष्कळ सांगितले जाते; इथे ते एका वस्तीच्या रूपाने उभे राहिले.

लक्ष्मणरावांची माणसांची पारख तर विलक्षण होती. त्यांच्या भोवती जमलेल्या मंडळींत पदवीधर विरळा. रामुअण्णांनी वसाहत उभारण्याचा आणि चालविण्याचा भार उचलला. शंभोराव जांभेकर यंत्रांतले वाकबगार झाले. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले. ते इंजिनिअर म्हणून नावारूपास आले. मंगेशराव रेगे कारकून आणि हिशेबनीस म्हणून आले व कारभाराचा आधारस्तंभ बनले. परीक्षेत ज्यांना जगाने नापास ठरविले, त्यांना इथे काम करून पास होण्याची संधी मिळाली. आणखी एक गोष्ट आजही थक्क करते. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या, दरोडेखोरीची शिक्षा भोगलेल्या दोघांना त्यांनी वाडीच्या राखणीवर नेमले. ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्याच हाती सर्वांचे घरदार सोपवले, आणि तो विश्वास फुकट गेला नाही. शिवाशिव पाळायची नाही, हाही वाडीचा दंडक होता. शंभर वर्षांपूर्वीच्या दक्षिण महाराष्ट्रात हे सोपे नव्हते.

मात्र विश्वास टाकणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. माणसाला त्याच्या आवाक्यापेक्षा थोडे मोठे काम द्यायचे, चुकला तर सांभाळायचे, पण काम कच्चे राहू द्यायचे नाही, ही यामागची रीत होती. ओतकाम बिघडले तर नांगर शेतात मोडतो आणि नाव कारखान्याचे जाते. म्हणून माणसाबद्दल उदार आणि मालाबद्दल कठोर, असा हा मेळ होता. आपल्याकडे अनेक वरिष्ठ नेमके याच्या उलट वागतात. माणसावर कडाडतात आणि मालाकडे काणाडोळा करतात.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगर येणे थांबले. किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली, पण लोखंड, कोळसा, रंग, सगळ्यांचाच तुटवडा. अशा वेळी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफांचे लोखंड वितळवून त्यांनी नांगर ओतले. एकेकाळी माणसे मारणाऱ्या तोफांनी पुढे जमीन नांगरली. युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत गेले. त्याच्या पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. चित्रकलेची आवड असलेल्या या पुतण्याला भट्टीपाशी न जुंपता त्याच्या आवडीचे काम करू दिले गेले. त्याचा लाभ कारखान्याला झाला, त्याहून अधिक महाराष्ट्राला झाला.

मुलगा शंतनुराव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. १९२६ साली ते पदवी घेऊन परतले. स्वतः पदवी नसलेल्या बापाने विद्येला कमी लेखले नाही आणि पदवीधर मुलाला नवे करून पाहण्यास वाव दिला. पुढे चरक, पंप, इंजिने, यंत्र बनविणारी यंत्रे असा पसारा वाढत गेला. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रांचा कारखाना झाला आणि १९४६ मध्ये पुण्याला तेल-इंजिनांची व बंगलोरला विजेच्या मोटारींची कंपनी सुरू झाली. ही वाढ मुख्यतः पुढच्या पिढीने केली. जिवंतपणीच सूत्रे दुसऱ्याच्या हाती देणे हे पुष्कळ कर्तबगार माणसांना जमत नाही. लक्ष्मणरावांना ते जमले.

शेवटची कसोटी मात्र बाकी होती. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर निवडुंग तोडून सुरुवात केली, तिथे आता राख होती. या वयात एखाद्याने कपाळाला हात लावला असता तर कुणी दोष दिला नसता. पण इमारती आणि यंत्रे जळाली तरी हातातले कसब जळत नाही. ती जाणती माणसे होती, म्हणून कारखाना पुन्हा उभा राहिला. ३८ वर्षे माणसे घडविण्यात जो वेळ आणि पैसा गेला, तो खर्च नव्हता, ठेव होती, हे त्या वेळी दिसून आले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांना कारखाना काढायचा असेल. पण हाताखाली दोन माणसे असलेला फोरमन असो, कचेरीतला मुख्य कारकून असो की रुग्णालयातील परिचारिकांची प्रमुख असो, माणसे प्रत्येकालाच सांभाळावी लागतात. आपल्या हाताखालच्या माणसाला आपण गेल्या वर्षभरात कोणते नवे काम शिकवले? त्याच्या कुठल्या गुणाकडे आपले अजून लक्ष गेलेले नाही? वरची जागा रिकामी होईल तेव्हा त्याचा हक्क आपण डावलणार तर नाही ना? ज्याला एकदा डावलले गेले, त्याने दुसऱ्याला डावलू नये. त्याने त्या माणसासाठी जागा निर्माण करावी. लक्ष्मणरावांनी आपल्या अपमानाची परतफेड केली ती अशी.