गोणपाटावरचा विद्यार्थी

ज्या महामानवाच्या प्रतिमेसमोर आमच्या शाळेची प्रत्येक सकाळ सुरू होते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून वंदन करतो. या स्मरणिकेत आम्ही त्यांच्याकडे एक विद्यार्थी म्हणून पाहू इच्छितो. कारण पुढे त्यांनी शिक्षणासाठी जे जे केले, त्याचे मूळ त्यांच्या बालपणीच्या वर्गखोलीत आहे, असे आम्हांस वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते व मुलांच्या अभ्यासाबाबत अत्यंत दक्ष असत. आई भीमाबाई लवकरच निवर्तल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये पहिल्या इंग्रजी इयत्तेत भीमरावांचे नाव दाखल झाले. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

त्या शाळेत या मुलाला इतरांसोबत बसण्याची मुभा नव्हती. तो घरून गोणपाटाचा तुकडा आणी, त्यावर वेगळा बसे आणि शाळा सुटली की तो परत घरी नेई. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच घसा ओला होई. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत त्याला आपल्या डब्यातील भाकरी-भाजी देत. त्या भाकरीची आठवण बाबासाहेबांनी जन्मभर कृतज्ञतेने जपली. एकाच शाळेने त्यांना तहानही दिली आणि मायाही. शाळा मुलाला घडवू शकते तशी मोडूही शकते, हे त्यांना कोणत्याही ग्रंथाआधी अनुभवाने कळले होते.

पुढे मुंबईत ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोदे संस्थानच्या साहाय्याने ते १९१२ मध्ये बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्या लेकरांना मुखोद्गत आहे. ती येथे पुन्हा देत नाही.

विद्वत्तेच्या शिखरावरून ते पुन्हा गोणपाटावरच्या मुलाकडे वळले, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात सभेने वसतिगृह उघडले. मुलांचे जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला; सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. उपाशी पोटी अक्षर उमटत नाही, हे जाणणाऱ्या माणसाचे हे काम होते.

मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. पटावर किती नावे चढली यापेक्षा किती मुले टिकली आणि शिकली, हा त्यांचा प्रश्न होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सक्तीच्या शिक्षणाची तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती सीमित करावी, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपण्यास मनाई करायची, तर त्या वयापर्यंत त्याची जागा शाळेतच असली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

आपल्या मराठवाड्यावर तर त्यांचे विशेष ऋण आहे. निजामी राजवटीत येथील तरुणाला उच्च शिक्षणासाठी दूर हैदराबादला जावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारे भन्ते नागसेन! विद्यार्थ्याने निर्भयपणे विचारावे आणि गुरूने न रागावता सांगावे, ही शिक्षणाची रीतच जणू त्या दोन नावांनी सांगितली. गावकुसाबाहेरच्या कित्येक घरांतील पहिला पदवीधर याच नागसेनवनातून बाहेर पडला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज बिलोलीच्या परिसरातील अनेक आईबाप ऊसतोडीला वा वीटभट्टीवर जाताना आपले लेकरू निवासी शाळेच्या हवाली करतात. त्यांच्या विश्वासाला आम्ही पात्र आहोत काय, हे केवळ निकालाच्या टक्केवारीवरून ठरणार नाही. सर्वांत लहान मुलाला रात्री तहान लागली तर तो न भिता उठून पाणी पितो काय? न समजलेले गणित तो गुरुजींना पुन्हा विचारतो काय? घरची आठवण आली तर त्याला जवळ घेणारे कोणी आहे काय? माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हे प्रश्न आम्हांस वारंवार विचारावेत, अशी नम्र विनंती आहे. गोणपाटावर बसलेल्या त्या विद्यार्थ्याला याहून खरे अभिवादन आम्हांस सुचत नाही.